बीळविद्येच्या हंगामी बाई

फार दूर नाही, पण तुमच्या गच्चीवरून दिसणारही नाही, अशा एका जंगलात एक महाविद्यालय होतं, मुलांनो.

त्या जंगलात वाघाचं राज्य होतं. शेजारच्या राज्यात विद्या आहे असं वाघाच्या कानावर आलं. मग आपल्याकडेही असावी, असं त्याला वाटलं. त्यानं दरबार भरवला आणि हुकूम काढला, की जंगलातल्या प्रत्येक पिल्लाला जगण्यापुरतं शिक्षण मिळेल. हुकूम सागाच्या मोठ्या पानावर लिहिला होता. त्याप्रमाणे ओढ्याकाठी महाविद्यालय निघालं. प्राचार्य म्हणून गवा सर आले. गवा सर अंगानं दांडगे होते. पण दरबारातून एखादं पान आलं की त्यांचे पाय लटपटत.

तिथे बीळविद्या नावाचा विषय होता. हसू नका. ज्याला शिंगं नाहीत, सुळे नाहीत, पंख नाहीत, त्याला जगायला बीळ लागतं. कुठली माती ढासळते, बोगद्याला वळण कुठे द्यायचं, आत वारा कसा खेळवायचा, हे सगळं त्या विषयात होतं. तो मृदुला साळिंदर शिकवत. अंगभर काटे आणि नाव मृदुला, म्हणून पिल्लं पहिल्या दिवशी हसत. दुसऱ्या दिवशी हसत नसत. बाई माती हातात घेऊन बोलायला लागल्या की तास कधी संपला ते कळत नसे.

मृदुलाबाई हंगामी होत्या.

हंगामी म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या जंगलात एक नियम होता. दोन वर्षं सलग जो शिकवील, त्याला दरबारानं कायम करायचं. नियम चांगला होता, म्हणून दरबारानं त्यावर उपाय शोधून काढला होता. दर चैत्रात एक दिवस सगळ्या हंगामी शिक्षकांनी ओढा ओलांडून पलीकडे जायचं. दिवसभर तिकडेच बसायचं. दुसऱ्या दिवशी परत यायचं आणि नवं पान घ्यायचं. त्या दिवसाला ‘खंड’ म्हणत. खंड पडला की आधीची सेवा संपली आणि नवी सुरू झाली. म्हणजे कुणाचीच सेवा कधी सलग होत नसे.

मृदुलाबाई असा ओढा चौदा वेळा ओलांडून आल्या होत्या. त्यांच्यासारखे आणखी सहा जण होते. पहिली काही वर्षं ते या दिवसाला सहल म्हणत. बरोबर कंदमुळं घेऊन जात, गाणी म्हणत. पुढे कुणी सहल म्हणेनासं झालं.

कायम नसल्याचं दुःख बाईंना एकाच गोष्टीसाठी होतं. महाविद्यालयामागे एक टेकडी होती. माती घट्ट, पाणी लांब, ऊन बेताचं. तिथे बीळ खणायला परवानगी लागे, आणि परवानगीला कायम असल्याचं पान लागे. अर्ध्या जंगलाला बिळं खणायला शिकवलेल्या बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन एका तरसानं सोडलेल्या कपारीत राहत होत्या. पावसात ती कपार गळे. आई दर चैत्रात एकदाच विचारत असे, की यंदा झालं का कायम. बाई म्हणत, यंदा होईल असं दिसतंय. आई बरं म्हणे आणि कोरड्या कोपऱ्याकडे सरके.

तर पंधराव्या वर्षीचा खंड आला.

सातही जण ओढ्यापलीकडच्या खडकावर बसले होते. दुपार झाली होती. बाईंना पहिल्यांदा वास आला. मग महाविद्यालयाच्या मागे धूर दिसला. मग ज्वाळाच दिसल्या. बांबूच्या बेटात वणवा लागला होता आणि वारा महाविद्यालयाकडे होता.

बाई उठल्या आणि पाण्यात शिरल्या. सोबतचे रघुवीर भेकर सर त्यांना म्हणाले, की आज आपण सेवेत नाही, तिकडे गेलो तर खंड मोडेल आणि उद्याची नेमणूक मिळणार नाही. भेकर सर वाईट नव्हते. त्यांना घरी दोन पाडसं होती. बाईंनी ऐकलं, पण तोपर्यंत त्या ओढ्याच्या मध्यावर पोचल्या होत्या.

फाटकावर गवा सर उभे होते. कायम शिक्षकांपैकी सहा जण दरबाराच्या बैठकीला गेले होते आणि एक रजेवर होता. आत एकतीस पिल्लं होती. गवा सर बाईंना म्हणाले, की तुम्हाला आज आत सोडण्याचा मला अधिकार नाही, दरबाराला विचारायला मी माकड पाठवलं आहे.

“माकड येईपर्यंत तुम्ही बाजूला उभे राहा,” बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पोटाखालून आत गेल्या.

पिल्लांना घेऊन त्या सरावाच्या बिळाशी आल्या. ते बीळ वर्गानंच दोन हंगाम खपून खणलेलं होतं. त्यांनी पिल्लांना लहान-मोठं बघून रांगेत लावलं. आधी सशाची, मग उदमांजराची, शेवटी रानडुकराची. रडायचं असेल तर आत गेल्यावर रडा, असं सांगितलं. शेवटचं डुक्कर आत गेलं तेव्हा आग अंगणात आली होती. बाई स्वतः तोंडाला पाठ लावून बसल्या, धूर आत जाऊ नये म्हणून. वणवा तासाभरात वरून निघून गेला.

एकतीसच्या एकतीस पिल्लं बाहेर आली. बाईंच्या पाठीवरचे डाव्या बाजूचे काटे जळून गेले होते. ते पुन्हा नीट आले नाहीत.

चार दिवसांनी दरबारातून बाईंच्या नावे दोन पानं आली. एकाच दिवशी आली, एकाच माकडानं आणली. पहिलं पान पळसाचं होतं आणि त्याला मोरपीस बांधलेलं होतं. त्यावर लिहिलं होतं, की महाविद्यालयाच्या शिक्षिका मृदुला साळिंदर यांनी दाखवलेल्या धैर्याबद्दल दरबार त्यांचा गौरव करत आहे. दुसरं पान साधं होतं. त्यावर विचारलं होतं, की खंडाच्या दिवशी, सेवेत नसताना, आपण कोणत्या अधिकारानं आवारात प्रवेश केला, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

बाईंनी दोन्ही पानं आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, दुसऱ्याचं उत्तर दे. बाई तीन दिवस उत्तर लिहायला बसल्या. कोणत्या अधिकारानं, हे त्यांना काही केल्या सुचेना. चौदा वर्षं त्यांनी कुणाकडे तक्रार केली नव्हती. पण हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. चौथ्या दिवशी त्या वकिलाकडे गेल्या.

वकील खंड्या होता. तो डोहावरच्या फांदीवर बसून असे आणि फार कमी बोले. त्यानं दोन्ही पानं पाहिली. बाईंनी विचारलं, मला कायम होण्याचा हक्क आहे का?

“नाही,” खंड्या म्हणाला. “नुसतं पुष्कळ वर्षं काम केलं म्हणून कुणाला कायम होण्याचा हक्क मिळत नाही. पण खोटा खंड पाडून एखाद्याला जन्मभर हंगामी ठेवण्याचा हक्क दरबारालाही नाही. यावर भांडता येईल.”

बाईंनी सगळ्यांना विचारलं. सातही जणांनी अर्जावर पायांचे ठसे उमटवले.

त्या जंगलातलं न्यायालय उंबराच्या झाडावर भरे. खालच्या फांदीवर खालचं, वरच्या फांदीवर वरचं. तारीख पडायच्या आधी गवा सरांनी एकेकाला बोलावून घेतलं. ते कुणाला रागावले नाहीत. वणव्यामुळे लांबलेल्या नव्या नेमणुकांची यादी करायची आहे, एवढंच म्हणाले. ज्यांचा दरबाराशी वाद नाही त्यांची नावं आधी घेऊ, असंही म्हणाले. आठवड्यात सहा ठसे अर्जावरून पुसले गेले.

भेकर सर स्वतः सांगायला आले. इतर कुणी आलं नाही. ते बराच वेळ कपारीबाहेर उभे राहिले. बाई त्यांना म्हणाल्या, की तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. ते खरं नव्हतं. पण भेकर सरांना घरी जायचं होतं आणि ते ऐकल्याशिवाय त्यांना जाता आलं नसतं.

न्यायमूर्ती धनेश होते. चोच मोठी आणि बोलणं थोडं. पहिल्याच तारखेला त्यांनी सांगितलं, की निकाल लागेपर्यंत बाईंच्या जागी दुसरा हंगामी बसवायचा नाही. त्यामुळे बाईंचे तास चालू राहिले.

दरबाराच्या बाजूनं मुंगूस उभा राहिला. तो फार छान बोले. तो म्हणाला, की अर्जदार बाई गुणी आहेत, कष्टाळू आहेत, दरबाराला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्या निवड मंडळातून आलेल्या नाहीत. जी मागच्या दारानं आली तिला पुढच्या दारातून आल्याचा मान देता येणार नाही. जंगलात आणखी हजारो पात्र प्राणी आहेत, त्यांच्यावर तो अन्याय होईल.

उंबराखाली बसलेल्यांनी माना डोलावल्या. बाईंनाही क्षणभर वाटलं, की आपण खरोखर कुणावर तरी अन्याय केला आहे.

खंड्यानं एकच प्रश्न विचारला. निवड मंडळाची शेवटची बैठक कधी झाली?

मुंगसानं कागद मागवायला वेळ मागितला. दोन तारखांनंतर उत्तर आलं. निवड मंडळावर तीन गिधाडं होती. बैठकीला तिघांची हजेरी लागे. त्यातली दोन सतरा वर्षांपूर्वी मेली. नवी नेमायची तर निवड मंडळाची शिफारस लागत होती. उरलेलं गिधाड दर हंगामात ठरल्या दिवशी कड्यावर येई, संध्याकाळपर्यंत थांबे, गणसंख्येअभावी सभा तहकूब असं लिही आणि उडून जाई. त्याची सतरा पानं दरबारानं नीट जपून ठेवली होती. मुंगसानं ती अभिमानानं दाखवली.

“म्हणजे पुढचं दार बंद होतं,” धनेश म्हणाले.

मुंगूस म्हणाला, बंद नव्हतं, उघडण्याच्या प्रक्रियेत होतं.

मग खंड्यानं ती दोन पानं पुढे ठेवली. एक मोरपिसाचं, एक साधं. धनेशांनी दोन्ही शेजारी शेजारी धरली आणि पुष्कळ वेळ वाचली. वणव्याच्या दिवशी या बाई सेवेत होत्या का, असं त्यांनी मुंगसाला विचारलं. नव्हत्या, मुंगूस म्हणाला. मग दरबारानं शिक्षिका म्हणून गौरव कुणाचा केला? मुंगूस म्हणाला, की त्या अर्थी होत्या. मग खंड कुठे आहे? मुंगूस म्हणाला, की याबाबत दरबाराची भूमिका समजून घेण्यासाठी पुढची तारीख मिळावी.

ती भूमिका समजून घ्यायला दोन वर्षं लागली.

या दोन वर्षांत बाईंची आई गेली. श्रावणात गेली. एक कोपरा सोडला तर कपारीत सगळीकडे पाणी होतं. बाईंनी आईला त्या कोरड्या कोपऱ्यात ठेवलं आणि सकाळी त्या तासाला गेल्या, कारण त्यांना किरकोळ रजेशिवाय दुसरी रजा नव्हती आणि किरकोळ रजा तारखांमध्ये संपली होती. त्या दिवशी धडा ओल्या मातीचा होता. बाईंनी तो नेहमीसारखाच शिकवला. फक्त मध्येच एकदा थांबल्या आणि आपण कुठपर्यंत आलो होतो, असं पिल्लांना विचारलं.

अखेर निकाल लागला. धनेश म्हणाले, की ज्या खंडात अर्जदारानं आपली पाठ जाळून घेतली त्याला खंड म्हणणं या न्यायालयाला जमत नाही. सेवा सलग होती. निवड मंडळ भरत नाही हा दोष मंडळाचा, बाईंचा नाही. दरबारानं तीन महिन्यांत त्यांना कायम करावं.

दरबार वरच्या फांदीवर गेला. तिथे आणखी तीन वर्षं गेली. वरच्या फांदीनं खालच्या फांदीचं सगळं मान्य केलं. फक्त ‘तीन महिन्यांत’ खोडून तिथे ‘शक्य तितक्या लवकर’ असं घातलं. दरबारानं निकालाचा आदर राखून आणखी एक वर्ष घेतलं.

आणि एके सकाळी माकड पान घेऊन आलं. सागाचं पान होतं, त्यावर वाघाचा पंजा होता. मृदुला साळिंदर कायम झाल्या होत्या.

गवा सरांनी त्यांच्या गळ्यात बहाव्याच्या फुलांची माळ घातली. काल ते ‘अहो बाई’ म्हणत होते, आज ‘मॅडम’ म्हणाले. भेकर सर लांब उभे होते. बाई आपणहून त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, की आता या निकालाच्या आधारावर तुम्हीही अर्ज करा, खंड्या वकिलाला मी सांगून ठेवते. भेकर सरांनी मान खाली घातली आणि हो म्हणाले.

त्याच आठवड्यात बाईंनी टेकडीवर बीळ खणायला घेतलं. दोन दिवसांत पुरं केलं. चांगलं झालं होतं. त्यात एक खोली जास्तीची निघाली. ती त्यांनी बुजवली नाही.

सोमवारी त्या वर्गाकडे निघाल्या तेव्हा गवा सरांनी त्यांना थांबवलं. हातात दरबाराचं पान होतं. राज्यात वारूळगणना सुरू झाली होती. वारुळं मोजायचं काम जबाबदारीचं असल्यामुळे ते फक्त कायम शिक्षकांनाच द्यायचं, असा नियम होता. बाईंच्या वाट्याला उत्तरेकडचं सगळं माळरान आलं होतं.

बाईंनी विचारलं, आणि बीळविद्येचे तास?

गवा सर म्हणाले, की काळजी करू नका, दरबाराकडे एका हंगामी शिक्षकाची मागणी पाठवली आहे.

बाईंनी वारुळं मोजली. ती संपली तेव्हा पाणवठ्यांची यादी आली. ती संपली तेव्हा महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला बाहेरच्या जंगलातून समिती येणार असल्याचं कळलं. बाई आता कायम आणि अनुभवी, म्हणून त्यांना त्या तयारीचं प्रमुख केलं. महाविद्यालयात बीळविद्या किती उत्तम शिकवली जाते, याचा त्यांनी चारशे पानांचा अहवाल केला. हंगामी शिक्षकाची मागणी दरबारात होती. ती मंजूर होण्याच्या मार्गावर आहे, असं माकड दर महिन्याला सांगून जाई.

वर्षभर त्या वर्गात शिकवायला कुणी गेलं नाही. पिल्लं येत, बसत आणि घरी जात. हजेरी मात्र नियमित होती.

माघात एक बातमी आली. सशाच्या एका पिल्लानं स्वतःचं पहिलं बीळ खणलं होतं. तोंड एकच ठेवलं होतं. त्यातून घोणस आत आली. पिल्लू वाचलं, पण कसंबसं, आणि त्याची धाकटी बहीण वाचली नाही. बाई त्यांच्याकडे जाऊन आल्या. पिल्लू म्हणालं, की दुसरं तोंड काढायचं असतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या वर्गाला तो धडा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई गवा सरांकडे गेल्या आणि मला तास द्या म्हणाल्या. गवा सरांनाही वाईट वाटलं होतं. ते म्हणाले, की मॅडम, तुमचा कार्यभार पूर्ण भरलेला आहे. त्यात तास घातले तर हंगामी शिक्षकाची मागणी आपोआप रद्द होईल, आणि मग पुढेही कुणी मिळणार नाही.

बाई आपल्या जागेवर येऊन बसल्या. कायम झाल्यावर दरबारानं त्यांना नियमांचं एक जाड बाड दिलं होतं. वीस वर्षं ते दुसऱ्यांच्या हातात पाहिलं होतं, म्हणून त्यांनी ते उघडलंही नव्हतं. आता उघडलं. संध्याकाळपर्यंत वाचलं. मग एक कोरं पान घेतलं आणि अर्ज लिहिला.

गवा सरांनी अर्ज वाचला. मॅडम कायम झाल्यापासून पहिल्यांदाच रजा मागत होत्या. हक्काची रजा, पंधरा दिवस. नाही म्हणायला नियमात जागा नव्हती. त्यांनी फक्त कारण विचारलं, कारण तो रकाना रिकामा होता.

“खासगी काम आहे,” बाई म्हणाल्या.

गवा सरांनी तसं लिहून घेतलं आणि खाली शिंग टेकवून खूण केली.

पंधरा दिवस मृदुलाबाई वर्गात होत्या. दगडावर पाठ टेकवून, हातात माती घेऊन, पहिल्या धड्यापासून. कोवळ्या पिल्लांना नाव ऐकून हसू आलं, ते त्यांनी हसून घेऊ दिलं. मातीचे प्रकार झाले, वळणं झाली, वारा झाला. दुसऱ्या तोंडाचा धडा त्यांनी तीनदा घेतला आणि प्रत्येकाकडून खणून घेतला. सशाचं ते पिल्लू पुढे बसत असे. सोळाव्या दिवशी सकाळी बाई परत रुजू झाल्या आणि समितीसाठी अहवालाच्या प्रती मोजायला बसल्या.

तात्पर्य: मुलांनो, हक्कासाठी धीर धरून लढावं. जो लढत नाही तो जन्मभर नुसता शिकवत राहतो. जो लढून जिंकतो, त्याला शिकवण्यासाठी वर्षातून पंधरा दिवस भरपगारी रजा मिळते.